मोफत साधनांवर पॉडकास्ट: सगळं जमलं, फीडचा पत्ता सोडून

माझा पॉडकास्ट ज्या होस्टिंग सेवेवर होता तिची मेल आली: मोफत योजना बंद होत आहे, पैसे भरा किंवा एपिसोड उतरवून घ्या. एपिसोड माझ्याकडे होतेच. मला हवं होतं फीडचं, म्हणजे अ‍ॅप जिथून एपिसोडांची यादी घेतात त्या फाइलचं, ३०१ रीडायरेक्ट. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला 'फीड कायमचा इकडे गेला' असं सर्व्हरने सांगायचं, एवढंच. सपोर्टचं उत्तर: ही सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना. तेव्हापासून डोकं तापलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चांगलं ते. आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत आहे आणि गप्पांच्या कार्यक्रमाला त्यापलीकडे काही लागत नाही. २०२१च्या ३.० आवृत्तीपासून अख्खा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतो. त्याआधी प्रोजेक्ट एकीकडे आणि डेटाचं फोल्डर दुसरीकडे असायचं. नॉइज रिडक्शनबद्दल, म्हणजे मागची घरघर कमी करणाऱ्या इफेक्टबद्दल, मात्र माझं मत फिरलं. सुरुवातीला तो इफेक्ट म्हणजे वरदान वाटायचा. आता अगदी हलका लावते, कारण जोर वाढवला की घरघरीबरोबर 'स' आणि 'श'ची धारही जाते आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवणं जास्त उपयोगी, आणि तेही फुकट. 'फ', 'भ'चे फटके माइक तोंडासमोर न ठेवता जरा बाजूला तिरका ठेवला की बरेच कमी होतात. त्यासाठी माइकपुढे लावायची जाळी, पॉप फिल्टर, घ्यावी लागली नाही.

लाउडनेसबद्दल, म्हणजे एपिसोड एकूण किती मोठ्याने ऐकू येतो याबद्दल, मी हट्टी आहे. प्रत्येक एपिसोडला श्रोत्याने आवाज कमीजास्त करत बसावं हे मला खपत नाही. अ‍ॅपल −१६ एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजायचं एकक) आसपास राहायला सांगतं, स्पॉटिफाय −१४ धरतं. मी −१६ वर थांबते आणि आवाजाचं शिखर −१ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला (एकाच चॅनलच्या आवाजाला) 'ड्युअल मोनो' धरण्याची एक टिक असते. ती असू द्या. मोनो आवाज दोन्ही कानांत वाजणार हे धरून तिथे हिशेब होतो. टिक काढली तर त्याच −१६ ला फाइलचा आवाज ३ डेसिबल मोठा निघतो.

एमपी३ मोनो, ६४ केबीपीएस. अर्ध्या तासाला सुमारे १४ एमबी. नुसत्या बोलण्याला १२८ लावून श्रोत्याचा दुप्पट डेटा खर्च करायला माझं मन होत नाही. हे सगळं आपोआप करून हवं असेल तर ऑफॉनिक ही ऑनलाइन सेवा महिन्याला दोन तास मोफत देते, म्हणजे अर्ध्या तासाचे चार एपिसोड. दर आठवड्याला एपिसोड काढणाऱ्याला पाच आठवड्यांच्या महिन्यात ते पुरत नाही. मी हातानेच करते.

आता फीड. एवढं रेकॉर्डिंग, एवढं एडिटिंग, आणि पॉडकास्ट टिकतो तो एका एक्सएमएल फाइलच्या पत्त्यावर. श्रोता 'फॉलो' करतो म्हणजे त्याचं अ‍ॅप तो पत्ता धरून ठेवतं. तो पत्ता बंद पडला की नवा एपिसोड कुणाला दिसत नाही आणि का दिसत नाही हेही कुणाला कळत नाही. मोफत योजनांची तुलना करताना लोक किती तास, किती जागा, आकडेवारी दिसते का, एवढंच बघतात. निघताना रीडायरेक्ट देतात का, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या मते बाकीचे सगळे निकष त्यानंतर.

नवी मांडणी अशी: ऑडिओ इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावर, फीडची फाइल हाताने लिहून गिटहब पेजेस या मोफत वेब-होस्टिंगवर. प्रत्येक एपिसोडच्या 'एन्क्लोजर' टॅगमध्ये ऑडिओ फाइलचा पत्ता, बाइट्समधला आकार आणि प्रकार लिहायचा. 'जीयूआयडी', म्हणजे प्रत्येक एपिसोडचे ओळख-क्रमांक, मात्र जुनेच ठेवायचे, अक्षरही न बदलता. ते बदलले की अ‍ॅपला जुने एपिसोड नवे वाटतात आणि सगळी यादी पुन्हा उतरायला लागते. आर्काइव्ह ही सेवा मोठ्या मनाने चालवलेली आहे, पण ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर तीही काही दिवस बंद होती. म्हणून मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत माझ्या डिस्कवर असतेच.

इथपर्यंत लिहून झालं आणि सपोर्टचं नवं उत्तर आलं. बऱ्याच मेलांनंतर रीडायरेक्ट दिलं आहे, महिनाभरासाठी. अ‍ॅपल किमान चार आठवडे ठेवायला सांगतं, म्हणजे जेमतेम बसतंय. ज्या माणसाने हे करून दिलं त्याचे मनापासून आभार. धोरणाबद्दलचा राग तसाच आहे: त्यांच्या सर्व्हरवरची एक ओळ, आणि तिच्यासाठी एवढी विनवणी. फीडमध्ये नवा पत्ता अ‍ॅपना सांगणारा 'न्यू-फीड-यूआरएल' टॅगही लावला आहे.

पैसे खर्च करायला मी सहसा तयार होत नाही, पण एक खर्च करणार आहे: स्वतःचं डोमेन. गिटहब पेजेसला ते मोफत जोडता येतं. आताचं रीडायरेक्ट संपायच्या आत फीड त्यावर नेते, म्हणजे पुढे होस्ट बदलला तरी पत्ता तोच राहील आणि कुणाला मेल लिहावी लागणार नाही.