पांतालोने झकास, आर्लेकिनो फसला

चार पोर्सेलीन मूर्तींचा सेट मागवला होता ऑनलाइन, इटलीच्या जुन्या मुखवटेवाल्या विनोदी नाटकातली मंडळी, कोम्मेदिया देल्लार्ते म्हणतात ते. पांतालोने, दोत्तोरे, कोलंबिना आणि आर्लेकिनो.

पांतालोनेवर माझा जीव जडलाय. व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, महाचिक्कू आणि ह्या वयात पोरींच्या मागे, लाल तंग विजार, काळा झगा, बाकदार नाक आणि कमरेत असा वाकलाय की मागनं बघितलं तरी कळतं हा पैशाची पिशवी चाचपतोय. दोत्तोरे म्हणजे बोलोन्याचा बडबड्या पंडित, ठीकठाक, ढेरी छान केलीय.

घोळ आर्लेकिनोत आहे. नाटकभर उड्या मारणारा भुकेला नोकर तो, आणि इथे सरळसोट उभा, पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखा! अंगरख्यावरचे रंगीत शंकरपाळे पाठीवर अर्धेच रंगवलेत. अरे, अठराव्या शतकात ह्या मूर्ती दरबारी मेजवानीत गोडाच्या वेळी टेबलावर मांडायचे (त्याआधी साखरेच्या करायचे), म्हणजे चारी बाजूंनी बघायची वस्तू, पाठ कशी सोडता?

म्युनिकच्या निम्फेनबुर्ग पोर्सेलीन कारखान्यासाठी बुस्टेली नावाच्या मूर्तिकारानं 1760 च्या आसपास केलेल्या ह्याच मंडळींच्या 16 मूर्तींचे फोटो बघा एकदा, आठ जोड्या आहेत, कंबर एकीकडे मान दुसरीकडे, आणि जोडीतलं एकटंच बघितलं तर अर्धाच डायलॉग ऐकल्यासारखं वाटतं. भट्टीत पोर्सेलीन मऊ पडतं म्हणून पायाला टेकू लागतो, तर त्यानं बैठकीची नक्षीच वळवत वर चढवलीय, टेकू आहे हे लक्षातही येत नाही. माझ्या आर्लेकिनोमागे टेकूला झाडाचं खोड आहे, आणि गडी त्याला बांधून ठेवल्यासारखा दिसतो.

तळाला निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, सेलर म्हणतो जुनं माइसेन, म्हणजे जर्मनीतल्या त्या नावाजलेल्या पोर्सेलीन कारखान्याचं. माइसेनची खूण तीच, मान्य, पण नकला करणाऱ्यांनीही ती वाट्टेल तिथे मारलीय, नुसत्या खुणेवर विश्वास ठेवू नका. सेलरला विचारलं तर उत्तर काय, "सर, खूण बघा ना".

कोलंबिनाची करंगळी तुटून आली, पॅकिंग फालतू, थोडे पैसे परत मिळाले. पांतालोने सोडून बाकीचे तिघे परत घ्या म्हटलं तर सेट फोडत नाही म्हणे. शेवटी पांतालोनेपायी सगळेच ठेवून घेतले, आर्लेकिनो भिंतीला पाठ लावून उभा केलाय.