हापूस निर्यातीसाठी बागनोंदीचं ॲप: एका हंगामाच्या वापरानंतर

तुर्भ्याला आमचं छोटं पॅकहाऊस आहे. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचा हापूस इथून परदेशी जातो. या हंगामात मोहोरापासून शेवटच्या काढणीपर्यंत सगळ्या बागांच्या नोंदी एका मोबाईल ॲपवर ठेवल्या.

क्रेटवरचा कोड स्कॅन केला की प्लॉट, काढणीची तारीख आणि शेवटची फवारणी लगेच दिसते. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याच्या अंशाला युरोपात फळाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. त्यामुळे तुडतुड्यांवर काय मारलं आणि किती दिवसांनी फळ उतरवलं, हे नमुना तपासणीला जाण्याआधीच कळतं, याचा फार आधार वाटला. एका प्लॉटची काढणी त्यामुळेच पुढे ढकलता आली. रेंज नसताना भरलेली नोंदही टिकते.

अडचण आली ती कराराच्या बागांत. कोकणात कित्येक बागा करारावर दिलेल्या असतात. सातबारा मालकाचा, मँगोनेटची (निर्यातीच्या आंबाबागांची सरकारी नोंद) नोंदणीही त्याच्याच नावावर, पण औषध मारतो करार घेणारा. ॲपमध्ये माणसासाठी रकाना एकच! मालक मुंबईत बसून बागेची फवारणी कशी भरणार? माझ्या मते शोधक्षमता, म्हणजे फळाचा बागेपर्यंत माग काढता येणं, इथेच तुटते, आणि कोड कितीही सुबक छापला तरी ती सांधत नाही.

२०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने आपला आंबा बंद केला होता, २०१५ मध्ये बंदी उठली. आज फळातल्या किडीच्या बंदोबस्ताला युरोपसाठी गरम पाणी, जपानसाठी बाष्पप्रक्रिया, अमेरिकेसाठी विकिरण, सगळ्या सोयी पणन मंडळाने वाशीत केल्या आहेत. पण बागेत न लिहिलेली फवारणी वाशीत कोण लिहिणार?

ॲपमधला शाश्वततेचा भाग, म्हणजे पाणी, औषधं आणि गडी यांची काळजी विचारणारा, तर कोकणासाठी बनवलेलाच नाही. देवगडचे एक काका फोनवर म्हणाले, "आमची कलमं पावसावर. पाण्याच्या रकान्यात काय भरू?" शून्य टाकलं तर ॲप पुढे सरकत नाही. बाहेरचा थेंबही न घेणारी बाग कागदावर अपुरी ठरते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फळमाशीचे रक्षक सापळे, औषधाचे रिकामे डबे, गड्यांचे हातमोजे या गोष्टी बरेच जण आधीपासून सांभाळतात. त्या मराठीत विचारल्या असत्या, तर त्यांनी भराभर भरल्या असत्या.

शोधक्षमतेला पाचपैकी चार, शाश्वततेला दोन. करार घेणाऱ्याचं वेगळं खातं आणि पावसावरच्या बागेचा पर्याय दिला, तर पुढच्या वर्षीचे पैसे मी आजच भरेन.