व्ह्यूस्कॅन: स्कॅनर तोच, चित्र वेगळे

वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या आमच्या घरातल्या जुन्या रंगीत निगेटिव्ह मी स्कॅनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरने स्कॅन केल्या, तेव्हा सूरसागरच्या काठावर उभ्या असलेल्या आजीच्या पांढऱ्या लुगड्याच्या चुण्या पार नाहीशा झाल्या होत्या. त्याच स्कॅनरवर व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचे वेगळे सॉफ्टवेअर वापरल्यावर त्या स्पष्ट उमटल्या, कारण अति उजळ भागांची आपोआप होणारी छाटणी त्यात 'व्हाइट पॉइंट' शून्यावर आणून थांबवता येते, आणि फिल्मच्या कोऱ्या कडेवरून तिची नारिंगी झाकही नेमकी ठरवून काढता येते. मांडणी किचकट आहे, पण पैसे वसूल होतात. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून काढण्याची सोय, स्कॅनरमध्ये असल्यास, बहुतेक रंगीत फिल्मवर उत्तम चालते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र ते किरण अडवते, म्हणून तिथे ही सोय बंदच ठेवावी आणि धूळ ब्लोअरने आधीच उडवावी.