पायाचं जुनं सिंगर शिलाई मशीन: एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

निकाल आधीच सांगतो, घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मशीन घ्यावं. दोरा ओवायची धास्ती घेऊ नये, ते चार दिवसांत हाताला बसतं. खरी शिकवणी पायांची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

माझं मशीन सिंगर १५के. रहिमतपूरला मावससासूबाईंच्या माडीवर पडून होतं, ते टेम्पोत घालून साताऱ्याला आणलं. ओतीव लोखंडाचे पाय बरेच जड असतात, जिना अरुंद असेल तर वरचं डोकं आणि खालचा सांगाडा सुटे करूनच उतरवा. नंबर ‘वाय’ अक्षराने सुरू होतो, म्हणजे १९२०च्या दशकापासून १९३५पर्यंतच्या काळातलं, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. ‘के’ म्हणजे किलबोवी, तिथल्या कारखान्याचं नाव. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

जुनं मशीन बघायला गेलात तर सोनेरी वेलबुट्टी नंतर बघा, आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ बघा. गोल, चपटी बॉबिन असेल तर डोळे झाकून घ्या. हाच साचा पुढे जपान्यांनी उचलला आणि आपल्याकडची काळी टेलर मशीनंही त्याच घराण्यातली. त्यामुळे बॉबिन, तिची डबी म्हणजे केस, सुई, सगळं राजवाड्याकडच्या टेलरिंगच्या दुकानात मिळतं. लांबडी, काडीसारखी बॉबिन आणि ती धरणारं होडीच्या आकाराचं शटल असलेली मशीनं दिसायला फार देखणी, पण शटल हरवलं की शोधत बसा.

आता पाय. पहिल्यांदा सुईत दोरा नको, कापड नको, प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला. (खाली ठेवून नुसतं चालवलं तर कापड सरकवणारे खालचे दाते त्याच्यावर घासतात.) उजवा पाय थोडा पुढे, डावा थोडा मागे, आणि सुरुवात नेहमी हाताने: उजवीकडचं चाक आपल्याकडे फिरवायचं, मग पायांनी ती गती उचलायची. नवख्याचा पाय घाईत उलटा पडतो, चाक मागे फिरतं, आणि दोरा असेल तर खाली गुंता होतो किंवा तुटतो. मावससासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. “जावईबापू, पंजाने रेटू नका, टाचेला पण काम द्या,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत. त्यातच सगळं आलं. पंजा आणि टाच आळीपाळीने, सायकलसारखा जोर न लावता. हळू चालवणं जोरात चालवण्यापेक्षा अवघड असतं, आणि कोपरा वळवायला हळूच लागतं. दोरा न ओवता जुन्या वहीच्या रेघांवर नुसती सुई चालवून पाहा, भोकं रेघेवर पडायला लागली की कापड घ्या. त्या सुईने नंतर शिवू नका, कागदाने धार जाते.

दोऱ्याचा रस्ता असा. वरखाली होणारा आकडा सगळ्यात वर आणून ठेवा. रिळातून डाव्या टोकाच्या कडीत, तिथून खाली टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये उजवीकडून डावीकडे, मग तिथल्या बारीक तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकवून छोट्या हुकाखालून वर आकड्याच्या भोकात, परत खाली आणि सुईत. ती तारेची स्प्रिंग बरेच जण सोडून देतात. सुई खाली जाताना सैल पडलेला दोरा तीच सांभाळते, ती सुटली की टाका बिघडतो. दुसरी गोम सुईची. नव्या घरगुती मशीनमध्ये सुईची चपटी बाजू मागे असते आणि दोरा पुढून मागे जातो. इथे चपटी बाजू डावीकडे, दोरा उजवीकडून डावीकडे. सुई उलटी बसली तर मशीन मुकाट्याने चालतं, पण टाका पडतच नाही, आणि माणूस टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो.

खालची केस बसवताना तिचं बोट वर, खाचेत. टक् आवाज आला पाहिजे. केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला की थोडीशी घसरून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. मग वरच्या दोऱ्याचं टोक धरून चाक एक फेरा फिरवायचं, खालचा दोरा फासासारखा वर येतो. कापडाच्या खालच्या बाजूला सैल दोऱ्याची झालर दिसली तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, तो चकत्यांत नीट बसलेला नसतो. खालच्या केसच्या बारीक स्क्रूला लगेच हात लावू नका.

साताऱ्याच्या पावसाने मात्र छळलं. चामडी पट्टा दमट हवेत सैल पडतो, पाय चालतात आणि चाक जागेवर. पट्टा किंचित कापून पिन पुन्हा टोचली की झालं. पण जास्त कापलात तर मशीन जड चालतं. चकचकीत भागांवर गंजाचे ठिपके आले, ते तेलाच्या फडक्याने निघाले. तेल फक्त मशीनचंच, पांढरं. घरातलं गोडेतेल हळूहळू चिकट होऊन त्याचा डिंक होतो. माझ्या मशीनमध्ये आधीच्या कुणीतरी घातलेलं तसंच काहीतरी होतं, ते रॉकेलच्या थेंबांनी सोडवून, पुसून, नव्याने तेल दिलं. वेलबुट्टीला स्पिरिट किंवा थिनर लावू नका, वरचं लाखेचं पाणी विरघळतं आणि सोनं फडक्यावर येतं.

काय शिवलं? पडदे, अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, जीनच्या दुमडी. जीनची चार पदरी शिवण १६ नंबरच्या सुईने सहज निघते, जाड ठिकाणी हाताने चाक फिरवायचं. वाकळीला नेऊ नका. पदर सरकतात, आणि हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा येत नाही. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर टाके सुटतात. झिगझॅग नाही. माझ्या मशीनला उलटी शिलाईही नाही, शेवटी कापड फिरवून दोन-चार टाके परत घ्यावे लागतात. लाइट गेली तरी खिडकीशी बसून काम चालतं, ही जुलैत चैनच वाटली.

मोटर बसवून घ्या, असं पट्टा विकणाऱ्यासकट सगळे सांगतात. मी बसवली नाही. पायाने एक टाका पुढे जाऊन नेमकं थांबता येतं, खिशाच्या कोपऱ्यावर तेच हवं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र खुशाल बसवावी.