नोआचं ऑरोरा पान: फुकट, ओबडधोबड, पण वाचता आलं पाहिजे

ऑरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशातला रंगीत प्रकाश, बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोची तिकिटं काढली की पहिल्यांदा ऑरोरा अ‍ॅप विकत घेतलं जातं. गरज नाही. अशा बऱ्याच अ‍ॅपांतले आकडे मुळात नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान-महासागर संस्थेच्या बोल्डरमधल्या अवकाश हवामान केंद्राचे असतात, आणि केंद्राच्या साइटवर ते फुकट मिळतात.

सगळे केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा, बघतात आणि तिथेच फसतात. 0 ते 9 ही पट्टी म्हणजे तीन तासांची जगभरची गोळाबेरीज. तुमच्या डोक्यावर आत्ता काय चाललंय ते ती सांगत नाही. ट्रॉम्सोला केपी 2 असतानाही आकाश हिरवं होतं. वेळा युटीसीत असतात, नॉर्वेत हिवाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. तीन दिवसांच्या अंदाजावर तर फार विसंबू नका. सूर्यावरून सुटलेल्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांपाशी पोचेपर्यंत नीट कळत नाही.

म्हणून सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांचे, आलेख उघडा आणि बीझेडची, म्हणजे त्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण भागाची, रेघ बघा. ती शून्याखाली गेली की क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार किलकिलं झालं. उणे 10 नॅनोटेस्लाखाली अर्धा तास टिकली तर जॅकेट चढवा. नुसती बुडी मारून वर आली तर चहा घ्या. मग सौरवाऱ्याचा वेग बघा. सेकंदाला 500 किलोमीटर असेल तर उपग्रहापासून आपल्यापर्यंत साधारण 50 मिनिटं, 800 असेल तर जेमतेम अर्धा तास.

ध्रुवाभोवती ऑरोरा कुठे आहे ते दाखवणारा हिरव्या वलयाचा नकाशा देखणा आहे, पण तो सरासरी चित्र दाखवतो. त्यावरचा गिगावॅटचा आकडा (ऑरोराची एकूण शक्ती) 20 च्या आत असेल तर फारशी आशा नको, 50 च्या वर गेला तर छान. उपवादळाचा, म्हणजे ऑरोरा अचानक उसळण्याचा, नेमका भडका मात्र त्याला पकडता येत नाही, आणि ढगाळ हवामान त्याच्या हिशेबातच नाही. भडका पकडायचा उपाय म्हणजे जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या ट्रॉम्सोच्याच चुंबकमापकाचा आलेख शेजारी उघडा ठेवणं. एच घटकाची (क्षेत्राच्या आडव्या भागाची) रेघ झपकन शेकडो नॅनोटेस्ला कोसळली की तडक बाहेर पडा.

अलिबागच्या वेधशाळेत हीच रेघ वेगळी वागते. सूर्यावरून आलेला ढग आदळताच ती आधी टुणकन वर उडते, मग विषुववृत्ताभोवती अवकाशात फिरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे (वलयप्रवाहामुळे) काही तास खाली घसरते आणि सावरायला कित्येक दिवस घेते. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय नोंद 1904 मध्ये इथे हलवली.)

भारतातून बघणाऱ्यांना हिरव्या वलयाचा नकाशा उपयोगाचा नाही. 10-11 मे 2024 च्या जी5, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या चुंबकीय वादळात लडाखच्या हानलेतून तांबडी प्रभा टिपली गेली, तेव्हाही वलय भारतापासून खूप उत्तरेला होतं. तो लाल प्रकाश 200 किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनचा, म्हणून लांबून क्षितिजालगत दिसतो, पण डोळ्यांना फिका. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर उत्तरेकडे लावा आणि 15-20 सेकंदांचं एक्स्पोजर द्या.