दुखापतीनंतरची मॅरेथॉन : एका प्रशिक्षण सेवेचा अनुभव

नडगीच्या हाडाला बारीक तडा गेल्यामुळे माझे धावणे चार महिने बंद होते. त्यानंतर स्त्रियांच्या आरोग्यासाठी निधी उभारणाऱ्या एका संस्थेकरिता ४२.१९५ किलोमीटर धावायचे ठरवले, तेव्हा संस्थेने आपल्या धावपटूंना देऊ केलेली प्रशिक्षण सेवा मी घेतली. तिची जमेची बाजू अशी की सुरुवात धावण्यापासून झालीच नाही. दुखऱ्या पायावर उभे राहून टाच सलग वीस वेळा उचलता येते का, हे फिजिओथेरपिस्टने आधी पाहिले (माझी गाडी अकरावर अडली), आणि ते जमल्यावरच एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा क्रम आखून दिला. पाळी नियमित येते का, हेही पहिल्याच भेटीत विचारले गेले. सरावाच्या मानाने आहार कमी पडला की पाळी लांबू किंवा थांबू शकते आणि हाडेही कमकुवत होतात, हे मला आधीच्या एकाही प्रशिक्षकाने सांगितले नव्हते.

अ‍ॅप मात्र ढिसाळ आहे. चुकलेला सराव ते मुकाट्याने पुढच्या आठवड्यात ढकलते, त्यामुळे एकदा लागोपाठ दोन दिवस लांब पल्ल्याचे धावणे समोर आले; नुकत्याच सांधलेल्या हाडासाठी हे धोक्याचेच. निधीसंकलनाची स्मरणपत्रे तर धावून आल्यावर श्वास जागेवर येण्याआधीच हजर होत. संस्थेचा टी-शर्ट काखेत घासतो, तेव्हा व्हॅसलिन लावावे. शर्यतीत ३२ व्या किलोमीटरनंतर पोटऱ्या आखडल्या, पण नडगीने शेवटपर्यंत तक्रार केली नाही.