ब्रेडेन्टनचा डावखुरा: ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल 25’ दीड वर्ष खेळल्यानंतर

संगणकावर बेसबॉल संघ चालवायचा हा गेम पहिल्याच दिवशी तुमची परीक्षा घेतो. 2024 चा हंगाम सुरू व्हायचाय, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाचा कारभार तुमच्या हातात आलाय आणि तुमच्या खालच्या फळीत पॉल स्कीन्स बसलाय. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सगळ्यात आधी निवडला गेलेला पिचर (चेंडू टाकणारा), ताशी शंभर मैलांचा फास्टबॉल. एक क्लिक केलं की तो थेट मेजर लीगमध्ये, सगळ्यात वरच्या पायरीवर. मी केलं नाही. खऱ्या पायरेट्सनीही केलं नव्हतं. त्यांनी त्याला आधी ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे एक पायरी खाली, इंडियानापोलिसला सात सामने दिले, तेही सुरुवातीला मोजक्याच इनिंगचे (सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद). 27⅓ इनिंगमध्ये 45 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) झाल्यावर 11 मे 2024 ला त्याला वर आणलं, आणि वर्षअखेरीस तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

पण स्कीन्ससारखा तयार पिचर कुणालाही सांभाळता येतो. या गेमची खरी गोडी त्याच्या कितीतरी खाली आहे, आणि मी लिहितेय ते त्याबद्दल.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले, पिचर होते. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि याच पायरेट्सशी करारबद्ध झाले. आमच्या सरांनी ते कात्रण खेळाच्या खोलीत चिकटवलं होतं. दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण पायरेट्स हे नाव माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. आज मी नाशिकला खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर खांदे आणि कोपरं बघते, आणि रात्री जेवणं उरकली की पाऊण तास हा गेम.

हा गेम हातांनी खेळायचा नाही. चेंडू टाकणं, फटका मारणं यातलं काहीच तुमच्याकडे नसतं. तुम्ही जनरल मॅनेजर असता: खेळाडू निवडायचे, करार करायचे, कोण कुठल्या पायरीवर खेळेल ते ठरवायचं. 1999 पासून जर्मनीच्या मार्कुस हाइनसोनच्या डोक्यातून निघालेली ही मालिका आहे आणि दर मार्चला नवी आवृत्ती येते. मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगखालच्या संघांची, प्रत्येक पायरी त्यात आहे. पायरेट्सपुरतं खालून वर सांगायचं तर फ्लोरिडात ब्रेडेन्टन, मग नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो, मग पेनसिल्व्हेनियात अल्टूना (डबल-ए) आणि शेवटी इंडियानापोलिस.

पिचरचं मोजमाप तीन गोष्टींवर होतं: स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल. म्हणजे फलंदाजाला चकवण्याची ताकद, चेंडू बॅटच्या मधोमध न येऊ देण्याची कला आणि हवा तिथे टाकण्याची शिस्त. प्रत्येकाला 20 ते 80 मध्ये गुण. खरे स्काउटही (खेळाडू हेरणारे) हीच पट्टी वापरतात. प्रत्येक गुणाचे दोन आकडे दिसतात, आज किती आणि पुढे कुठवर जाईल. हा दुसरा आकडा म्हणजे तुमच्या स्काउटचा अंदाज, खात्री नव्हे. त्याने 65 लिहिलं म्हणून पोरगा 65 होतोच असं नाही. मी स्काउटिंगची अचूकता मुद्दाम मध्यम ठेवलीय. सगळं खरं दिसायला लागलं तर पोराकडे बघायचं कारणच उरत नाही.

माझ्या 2024 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत एक डावखुरा मिळाला. गेमनेच बनवलेला, शाळेतून थेट आलेला, अठरा वर्षांचा. फास्टबॉल 50, स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) 45, चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू) 30, कंट्रोल 25. पुढच्या अंदाजात मात्र चेंजअप 55. याच एका आकड्यासाठी मी त्याला घेतलं. या गेममध्ये सुरुवातीचा पिचर व्हायचं तर तीन बरे चेंडू आणि दमसास लागतो. दोनच चेंडू असले की गडी कितीही चांगला असला तरी बुलपेनमध्ये जातो, शेवटच्या एक-दोन इनिंगपुरता. म्हणजे या पोराचं सगळं भवितव्य त्या चेंजअपवर होतं.

ब्रेडेन्टनला पहिल्या पूर्ण हंगामात त्याने नऊ इनिंगमागे अकरा स्ट्राइकआउट काढले. मी हरखले आणि तिथेच चुकले. दर नऊ इनिंगमागे सहा जणांना तो चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर सोडत होता (याला वॉक म्हणतात), ते मी वाचलं आणि पुढे गेले. एकोणिसाव्या वर्षी त्याला ग्रीन्सबरो वगळून थेट अल्टूनाला नेलं. डबल-ए मधले फलंदाज वाईट चेंडूला बॅट लावत नाहीत. दोन महिन्यांत त्याची घसरगुंडी झाली. कंट्रोल 30 वर अडकलं आणि पुढचा अंदाज 50 वरून 40 वर आला. दर महिन्याला विकासाचा अहवाल येतो, त्यात त्याच्या नावापुढे लागोपाठ तीनदा खाली जाणारा बाण होता. माझ्याकडे येणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या वडिलांना मी तेव्हाच समजावत होते की पोराला मोठ्यांच्या संघात आत्ताच घालू नका. घरी येऊन मी पडद्यावर तेच करत होते.

मग त्याला खाली आणलं, ग्रीन्सबरोला. हे मैदान होमरनसाठी प्रसिद्ध आहे आणि गेममध्येही मैदानांचा स्वभाव मोजलेला आहे. त्यामुळे तिथल्या पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा) बघून घाबरायचं नसतं. मी फक्त दोन गोष्टी बघायच्या ठरवल्या: स्ट्राइकआउट किती आणि वॉक किती. पूर्ण एक हंगाम त्याला हलवलं नाही. चेंडूंची मर्यादा 80 ला बांधली. हिवाळ्यात डेव्हलपमेंट लॅबमध्ये घातलं. एखाद्या खेळाडूला हंगाम संपल्यावर एकाच गोष्टीवर मेहनत करायला पाठवता येतं. जागा थोड्या असतात, त्यामुळे कुणाला पाठवायचं यावर मी एक अख्खा रविवार घालवला. याच्यासाठी चेंजअप निवडला.

मार्चमध्ये चेंजअप 40 झाला. वाचणाऱ्याला दहा गुण म्हणजे काहीच नाही वाटेल. मी मात्र त्या रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं.

स्वभावही इथे मोजलेला असतो. मेहनती वृत्ती आणि हुशारी या दोन रकाने मी आता ड्राफ्टच्या वेळी चेंडूंच्या आधी बघते. सारख्याच गुणांचे दोन पिचर असतील आणि एकाची मेहनती वृत्ती कमी असेल, तर मी त्याला सोडते. पिचिंग कोचकडेही तसंच लक्ष द्यावं लागतं. खालच्या संघांचे कोच गेमला आपोआप नेमू दिले तर कुणीही येतो. मी चारही संघांचे कोच स्वतः निवडते, आणि ब्रेडेन्टनला सगळ्यात चांगला देते. कच्चं मडकं तिथेच असतं.

आता माझ्या धंद्याचं बोलते, कारण इथे माझी तक्रार आहे. दुखापतींचा हिशोब गेममध्ये आहे आणि ढोबळ मानाने तो खरा आहे. पिचर थकलेला असताना त्याला टाकायला लावलं तर धोका वाढतो. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं की वर्षभराहून अधिक काळ जातो. प्रत्यक्षातही तसंच आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली. आजही पिचर परतायला बारा ते अठरा महिने लागतात. पण गेममध्ये ते लिगामेंट अचानक फाटतं. काल ठणठणीत, आज बातमी. माझ्या टेबलावर येणारा मुलगा असा अचानक येत नाही. कोपराच्या आतल्या हाडाखाली अंगठ्याने दाबलं की तो खांदा आक्रसून घेतो. त्याचा हात आतल्या बाजूला पूर्वीइतका वळत नसतो. त्याचा वेग हळूहळू उतरत असतो आणि तो कुणाला बोललेला नसतो. ही आधीची पायरी गेममध्ये असायला हवी होती. थकव्याचा आकडा दिसतो तेवढा पुरत नाही. ती पायरी असती तर दोन आठवडे विश्रांती द्यायची की हंगाम चालू ठेवायचा, हा निर्णय खरोखर माझा झाला असता.

बाकी किरकोळ. मी खेळते ते सगळं इंग्रजीत. मराठी सोडाच, हिंदीही नाही. पडदे मजकुराने गच्च भरलेले, पहिले दोन आठवडे काय कुठे आहे तेच कळत नाही. पत्त्यांच्या पाकिटांचा ‘परफेक्ट टीम’ हा ऑनलाइन प्रकार मी उघडून बंद केला, मला त्यात रस नाही. क्रिकेटवाल्यांनी बिचकू नये. इनिंग आणि वॉक एवढं समजलं की निघता येतं. नव्या आवृत्तीसाठी पैसे टाकायची सक्तीही नाही; शिकायला जुनीच पुरते. एक सेटिंग मात्र सुरुवातीलाच बघा: खेळाडूंच्या गुणवत्तेत अनपेक्षित बदल किती व्हावेत याचा आकडा, मुळात 100 असतो. तो मी 100 लाच ठेवलाय. कमी केला की सगळे पिचर ठरल्यासारखे वाढतात.

डावखुऱ्याचं पुढे काय झालं? बाविसाव्या वर्षी तो पुन्हा अल्टूनाला गेला, या वेळी कंट्रोल 45 घेऊन. तिथल्या संघाचं नाव ‘कर्व्ह’. शहराजवळच्या घोड्याच्या नालेसारख्या रेल्वेवळणावरून ते आलंय, आणि पिचरच्या वळणाऱ्या चेंडूलाही तोच शब्द. चेंजअप 50. अंदाजातले 55 अजून झालेले नाहीत.

माझ्या गेममध्ये सध्या नोव्हेंबर 2028 चालू आहे. शाळेतून घेतलेल्या पोराला पाच हिवाळ्यांत चाळीस जणांच्या मुख्य यादीत घेतलं नाही, तर रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. माझ्या यादीत एकच जागा आहे. एकतीस वर्षांचा एक भरवशाचा रिलीव्हर (बुलपेनमधला पिचर) आहे, पुढच्या वर्षी नक्की उपयोगी पडेल असा, आणि हा डावखुरा आहे. काल रात्री पावणेबाराला मी रिलीव्हरला सोडलं.